सही करणाऱ्याचा डबा

सही करून झाल्यावर वेलीनला हे कळलं, आणि सगळं दुखणं तिथूनच सुरू झालं. आधी कळलं असतं तर त्याने सोफियाहून निघायच्या आधीच काहीतरी निमित्त काढलं असतं. ताप आणला असता, सासूचा पाय मोडल्याची थाप मारली असती. आता तो स्मर्चेवो या डोंगरातल्या गावी येऊन पोचला होता, रात्रभर स्तोइंकाच्या घरी जाड रजईत झोपला होता आणि सकाळी तिच्या स्वयंपाकघरात चीज भरलेल्या गरम बानित्साची ताटली पुढे घेऊन बसला होता.

"तू दाराजवळ बस, इंजिनियर," स्तोइंका म्हणाली. ती तिथल्या रोपवेची प्रमुख. साठीला आलेली, हात पुरुषी आणि जीभ त्याहून सवाई. गावात लहानथोर तिला मावशीच म्हणत. "पाद्रीबाबा पाणी शिंपडतात ना, ते दाराजवळच्याच्या डोक्यावर जास्त पडतं. तेवढंच पुण्य."

"कुठल्या दाराजवळ?"

"डब्याच्या. दुसऱ्या कुठल्या?"

मग तिने सांगितलं. स्मर्चेवोचा रोपवे दर हिवाळ्यात संत निकोलाच्या दिवशी पुन्हा सुरू होतो, आणि ज्याने ज्याने कागदावर 'सगळं ठीक आहे' अशी सही केलेली असते, त्याने पहिल्या डब्यात बसून दरीपार जायचं असतं. दोर जोडणारा, ब्रेक तपासणारा, सगळे. बरोब्बर दरीच्या मधोमध डबा थांबवतात, ब्रेक धरतो का ते बघायला. तिच्या वडिलांच्या वेळेपासून चालत आलंय. यंदा हाताने ओढायची जुनी कळ बाजूला ठेवून वाऱ्यानुसार वेग ठरवणारा नवा प्रोग्राम बसवला होता, आणि त्या प्रोग्रामखाली सही होती वेलीनची.

"मी कशाला बसू मावशी? ती सही म्हणजे कंपनीच्या वतीनं—"

"कंपनीला डोकं आहे का? मग पाणी कशावर शिंपडायचं?" स्तोइंकाने त्याच्या ताटलीत आणखी एक तुकडा सरकवला. "खा. वर गेल्यावर प्यायला घोटभर राकिया मिळेल, पोट रिकामं नको."

बानित्साचा घास त्याच्या तोंडात नुसताच फिरत राहिला. उंचीची भीती वेलीनला होतीच, थोडीफार. पण आत्ताची भीती उंचीची नव्हती. ज्या प्रोग्रामच्या भरवशावर आपल्याला दरीवर टांगणार आहेत, तो कसा चालतो हे त्याला ठाऊक नव्हतं. अजिबात नव्हतं.

हे कसं झालं ते सांगायला हवं, कारण वेलीन काही लबाड माणूस नव्हता. चव्वेचाळीस वर्षांचा, सरळमार्गी, घर आणि ऑफिस याच्यापलीकडे न बघणारा. त्याच्या कंपनीत 'शिकत राहा' असं भिंतीवर लिहिलेलं होतं, कॉफीच्या कपावर लिहिलेलं होतं, आणि पगारवाढीच्या वेळी तोंडीही ऐकवलं जायचं. एआय आलाय, काल शिकलेलं आज शिळं होतंय, तेव्हा दर तीन महिन्यांनी प्रत्येक इंजिनियरने नवा कोर्स करायचा, परीक्षा द्यायची, आणि पास होईल त्यालाच सही करायचा अधिकार. नियम चांगलाच होता. सुरुवातीला वेलीनने तो मनापासून पाळला. बाल्कनीत बसून वाचायचा, आकृत्या काढायचा, स्वतःशी पुटपुटायचा. त्याची बायको झोर्नित्सा म्हणायची, "म्हातारपणी दहावीला बसलाय आमचा माणूस."

मग एका सप्टेंबरात हिवाळ्याच्या बेगमीसाठी मिरच्या भाजायचा शनिवार आणि ब्रेकच्या परीक्षेचा शनिवार एकच आला. सगळ्या इमारतीत भाजक्या मिरच्यांचा वास कोंदला होता, सासू दोन पोती घेऊन आली होती, आणि वेलीनचे हात कोपरापर्यंत मिरच्यांच्या सालींनी माखले होते. त्याने परीक्षा एआयपुढे उघडली आणि म्हणाला, "एवढी सोडव बाबा, मी नंतर वाचतो." एआयने चुटकीसरशी सोडवली. शंभरात शहाण्णव मिळाले. नंतर वाचायचं ते राहूनच गेलं.

पुढची परीक्षा तशीच गेली, त्याच्या पुढचीही. ऑफिसात सगळेच तसं करत आणि कुणीच त्याबद्दल बोलत नसे. कोर्स एआय लिहायचा, प्रश्न एआय काढायचा, उत्तरं एआय द्यायचा आणि तपासायचाही तोच. मधल्यामधे माणूस होता तो सर्टिफिकेटवर कुणाचं तरी नाव लागतं म्हणून. त्यांचा साहेब क्रासिमिर याने तर एकदा भरल्या सभेत वेलीनला उभं करून टाळ्या वाजवायला लावल्या होत्या, की बघा, या वयातही हा माणूस सगळ्यात जास्त कोर्स करतो. वेलीन लाजून हसला होता. रोपवेचा प्रोग्रामही एआयनेच लिहिला, त्याच्या चाचण्याही एआयनेच घेतल्या, अहवालात सगळीकडे हिरव्या खुणा आल्या, आणि वेलीनने सही केली.

नाश्ता झाल्यावर स्तोइंका त्याला यंत्राच्या खोलीत घेऊन गेली. दार लोटून घेतलं. हळू आवाजात म्हणाली, "एक विचारू? कुणाला विचारायची लाज वाटत होती. जुनी कळ होती तेव्हा वारा मी कानानं ऐकायचे आणि हातानं वेग कमी करायचे. आता वारा एकाएकी वाढला तर हे काय करतं? डबे थांबवतं, की हळू करतं?"

"ते परिस्थितीप्रमाणे ठरवतं."

"म्हणजे?"

"म्हणजे... सगळ्याचा विचार करून. हुशार आहे तो प्रोग्राम, मावशी."

त्याला वाटलं ती आता कमरेवर हात ठेवून उलट विचारेल. तिने उलट सुटकेचा श्वास सोडला. "बरं झालं बाबा. मला झोप नाही या महिनाभरात. म्हटलं, हे मला कळत नाही, पण ज्याला कळतं तो येतोय." आणि त्याच्या खांद्यावर थाप मारून ती सणाचे मासे भाजून कुठवर आले ते बघायला निघून गेली.

ती थाप त्याला फटक्यासारखी लागली. तो वाळूची पोती ठेवलेल्या खोलीमागे गेला, फोन काढला आणि एआयला विचारलं की वारा अचानक वाढला तर हा प्रोग्राम डबे लगेच थांबवतो का. उत्तर आलं, हो, लगेच थांबवतो, कारण अमुक आणि कारण तमुक. वेलीनचा जीव जरा खाली बसला. मग काय मनात आलं कोण जाणे, त्याने तेच उलटं करून विचारलं, म्हणजे लगेच थांबवत नाही ना? उत्तर आलं, बरोबर, लगेच थांबवत नाही, आणि त्याचीही कारणं आली. दोन्ही उत्तरं नीटनेटकी होती, दोन्ही नम्र होती, आणि दोन्हींतलं खरं कुठलं हे ओळखण्याइतकं वेलीनच्या डोक्यात काहीच उरलं नव्हतं.

त्याने प्रोग्रामच उघडला. ओळी ओळखीच्या वाटत होत्या, शब्दही कळत होते. पण ही ओळ इथे का, तिच्याआधी ती का, हे काही केल्या हाती लागेना. कधीकाळी तो हे वर्तमानपत्रासारखं वाचायचा. आता प्रत्येक पानाशी त्याचे डोळे घसरून खाली जात होते, सवयीने, हिरवी खूण शोधत.

तेवढ्यात झोर्नित्साचा फोन आला.

"काय रे, पोचलास, जेवलास, काही कळवायची पद्धत?"

"झोर्ना, मला पहिल्या डब्यात बसवताहेत."

"अगबाई! फोटो काढून घे."

"दरीवर मधेच थांबवतात."

"मग खाली बघू नकोस. स्टुलावर चढून बल्ब बदलताना तुला गरगरतं, मला ठाऊक नाही का! डोळे मीट आणि आकडे मोज."

"तसं नाही गं..."

"मग कसं?"

सांगायची हीच वेळ होती. बायकोला सांगितलं असतं तर ती चार शिव्या देऊन मोकळी झाली असती आणि त्याचंही ओझं उतरलं असतं. पण वेलीनला त्या टाळ्या आठवल्या, आणि त्याच टाळ्यांची बातमी सासूला फोन करून सांगणारी झोर्नित्सा आठवली. "काही नाही," तो म्हणाला. "उंचीचंच."

दुपारच्या आत सगळं गाव खालच्या स्टेशनाशी जमलं. ढोल वाजत होता, कार्प माशांच्या परातीवर पराती भट्टीतून बाहेर येत होत्या, अक्रोड आणि कांद्याचा वास सुटला होता. हवा स्वच्छ, झाडाचं पान हलत नव्हतं. निकानोर पाद्री पाण्याचं भांडं आणि हिरव्या पाल्याची जुडी घेऊन आले. वेलीन डब्याकडे निघाला. त्याने मनाशी पक्कं केलं होतं. बसायचं, गप्प राहायचं. चालेल. चालायलाच हवं, सगळ्या खुणा हिरव्या होत्या. आणि नाही चाललं तर? तर मरू, पण निदान लाज राहील. माणूस किती येडा होतो बघा: चारचौघांत 'मला येत नाही' एवढे तीन शब्द म्हणण्यापेक्षा त्याला दरीत कोसळणं सोपं वाटत होतं.

तो आत बसला. मागोमाग स्तोइंका चढली.

"मावशी, तुम्ही कुठे?"

"दोराची आणि ब्रेकची सही माझी आहे. दरवर्षी बसते." तिने डोक्याचा रुमाल घट्ट बांधला. मग निकानोर पाद्री आपला झगा सावरत चढले. त्यांची कसलीच सही नव्हती. "मी आपला वरच्या राकियासाठी," ते म्हणाले आणि स्वतःच हसले. स्तोइंका हसली नाही. तिने बाकावरून वेलीनचा हात धरला. तिची बोटं बर्फासारखी गार होती.

"कुणाला सांगू नकोस," ती त्याच्या कानाशी म्हणाली, "या नव्या यंत्रावर माझा काडीचा भरवसा नाही. तू सोबत आहेस म्हणून बसलेय."

दार सरकत मिटू लागलं. वेलीनने मधे पाय घातला.

"थांबा," तो म्हणाला. ढोलात ते ऐकू गेलं नाही, म्हणून पुन्हा म्हणाला, "थांबा! उतरा. दोघेही उतरा."

"काय झालं रे पोरा?" पाद्रींनी विचारलं.

"मला माहीत नाही हे कसं चालतं."

ढोलवाला अजून वाजवत होता. कुणीतरी त्याच्या पाठीत रट्टा मारला तेव्हा तो थांबला.

"तुला माहीत नाही म्हणजे?" स्तोइंका म्हणाली. "सही तुझी ना?"

"माझीच."

"परीक्षा देतात म्हणे तुमच्याकडे. त्याशिवाय सही करू देत नाहीत."

"परीक्षा एआयनं दिली. सगळ्या. मी पास झालो, पण मी... मी काही शिकलेलो नाही, मावशी. सकाळी तुम्ही विचारलंत त्याचं उत्तर मला येत नाही. मी तुम्हाला थाप मारली."

स्तोइंकाने त्याचा हात सोडला. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती त्याच्याकडे बघत राहिली, आणि त्या बघण्यात राग नंतर आला, आधी आली ती भीती. मग ती खाली उतरली आणि माणसांना म्हणाली, "वाळूची पोती भरा डब्यात."

माणसांऐवजी पोती वर गेली. दरीच्या मधोमध डबा थांबला. लोण्यात सुरी थांबावी तसा अलगद थांबला, जरासा डोलला, आणि पुन्हा निघून वर पोचला. लोकांनी आधी टाळ्या वाजवल्या, मग हसू आलं, मग टोमणे सुरू झाले. "इंजिनियरची फाटली!" "उंचीला भ्याला आणि आमच्या सणाची माती केली." "अरे, त्याला जिन्यावरून हात धरून उतरवा!" मासे गार होत होते.

क्रासिमिरला कुणी कळवलं देव जाणे. त्याचा फोन आला तो तापलेलाच होता. वेलीनने स्तोइंकापुढे फोन मोठ्या आवाजावर ठेवला, आता लपवायचं काय राहिलं होतं.

"अरे, चाललं ना ते? मग बस की आत!"

"चाललं. का चाललं ते मला माहीत नाही."

"कुणाला माहीत असतं हल्ली? ऑर्लिनाच्या रोपवेवर हाच प्रोग्राम उन्हाळ्यापासून चालू आहे, तिथे झालं का कुणाला काही?"

"तिथेही सही माझीच आहे, साहेब. मला वाटतं तोही बंद..."

"डोकं फिरलंय का तुझं? तुला जमत नसेल तर नको करूस. तुझी सही काढ, मी करतो. आत्ता करतो."

स्तोइंकाने फोन पुढे ओढला. "करा की साहेब. मग निघाच लगेच. तुमचा मासा झाकून ठेवते. पहिला डबा तुमचा."

मग क्रासिमिर वेगळ्याच आवाजात म्हणाला, "वेलीन... शिकायला किती दिवस लागतील तुला?"

वेलीनने फोन ठेवला आणि स्तोइंकाकडे वरच्या खोलीची किल्ली मागितली.

स्मर्चेवोचा रोपवे बंद राहिला; ऑर्लिनाचा साहेबाने चालूच ठेवला. गावातल्या हॉटेलवाल्यांनी वेलीनकडे बघणं सोडलं. बेकरीत त्याला पाव मिळे, पण सुटे पैसे हातावर न देता फळीवर टाकत. तो स्तोइंकाच्या वरच्या खोलीत राहिला आणि पहिल्या ओळीपासून वाचू लागला. ते शिकणं कसं होतं हे सांगायला गोड शब्द नाहीत. चव्वेचाळीस वर्षांच्या माणसाला स्वतःचा मेंदू गंजलेल्या बिजागरीसारखा कुरकुरताना ऐकू येत होता. एआय बाजूला होताच, तो कुठे पळून जात नव्हता. पण वेलीनने एक नियम केला. आधी आपलं उत्तर कागदावर लिहायचं, मग त्याला विचारायचं. पहिल्या आठवड्यात त्याची बहुतेक उत्तरं चुकली. चुकलं की त्याला घाम फुटायचा, आणि रोज सकाळी कागद पुढे घेताना पुन्हा तीच भीती वाटायची: नाहीच जमलं तर? हे वय शिकण्याचं राहिलंच नसेल तर?

झोर्नित्साला त्याने सगळं सांगितलं. तिने शिव्या दिल्या, दोन दिवस फोन उचलला नाही, तिसऱ्या दिवशी लोकरीचे मोजे पाठवले.

हळूहळू ओळी एकमेकींना धरू लागल्या. स्तोइंकाच्या सणाच्या सकाळच्या त्या प्रश्नाचं उत्तर त्याला मिळालं: जोराच्या वाऱ्यात एकदम थांबवायचं नाही, कारण थांबलेला डबा जागच्या जागी झोके घेतो आणि खांबावर आपटू शकतो, वेग कमी करायचा आणि रोपवे रिकामा करायचा. त्याने ते खाली जाऊन स्तोइंकाला सांगितलं. ती भांडी घासत होती. "हं," ती म्हणाली. पण त्या दिवसापासून संध्याकाळच्या चहाला ती वर येऊन बसू लागली, आणि तो दिवसभरात जे कळलं ते तिला मोठ्याने समजावून सांगू लागला. ती जिथे "म्हणजे?" म्हणायची, तिथे हमखास त्यालाही नीट कळलेलं नसायचं.

जानेवारीतल्या एका रविवारी डोंगरावरून वारा सुटला. वेलीन तेव्हा प्रोग्रामच्या ज्या भागात होता, त्यात तीन खांबांवरच्या वाऱ्याने फिरणाऱ्या तीन वाट्या वारा मोजतात आणि तिघींत मतभेद झाला तर बहुमताने ठरतं, असं होतं. दोघी एक सांगतात, तिसरी वेगळं सांगते, तर तिसरी बिघडली असं समजून तिला गप्प करायचं. त्याला ते शहाणपणाचं वाटलं. त्याने तसं लिहिलंही. मग मान मोकळी करायला तो खिडकीशी गेला.

बाहेर झाडं कमरेत वाकत होती. स्टेशनावरचा झेंडा फाटेल असा फडफडत होता. आणि पहिल्या खांबावरची वाटी स्वस्थ होती. पांढरीशुभ्र, बर्फाने मढलेली, जागची हलत नव्हती. त्याने दुर्बीण आणली. दुसऱ्या खांबावरचीही तशीच. तिसरी उन्हाच्या बाजूला होती, ती तेवढी भिंगरीसारखी फिरत होती.

"मावशी," त्याने हाक मारली, "वाट्या गोठतात का?"

"दरसाल. काठीनं ठोकून काढतो. का रे?"

वेलीन उत्तर न देता टेबलाशी गेला. गोठलेली वाटी फिरत नाही. न फिरणारी वाटी सांगते, वारा शून्य. दोघी मिळून शून्य म्हणतात. म्हणजे जी एकटी खरं ओरडून सांगतेय, तिलाच प्रोग्राम खोटी ठरवून गप्प करणार, आणि अशा वाऱ्यात डबे पूर्ण वेगाने सोडणार. त्याने दोनदा तपासलं. आपलं उत्तर लिहिलं आणि मग एआयला विचारलं. एआय लगेच म्हणाला, होय, बरोबर, हा गंभीर धोका आहे, आणि तो कसा टाळायचा तेही त्याने सांगितलं. त्याला हे केव्हाही सांगता आलं असतं. विचारायचं काय, हे माहीत असलेला माणूसच तोवर नव्हता.

स्तोइंका मागे उभी राहून ऐकत होती. तिने छातीवर क्रूसाची खूण केली. "त्या दिवशी वारा नव्हता म्हणून," ती म्हणाली. "आपण तिघं चढलो होतो रे त्यात. वाचलो."

वेलीनचा चेहरा पांढराफटक पडला होता. "मावशी, आज रविवार आहे."

"मग?"

"ऑर्लिना."

ऑर्लिना त्याच डोंगराच्या पलीकडच्या अंगाला. वेलीनने तिथल्या यंत्राच्या खोलीत फोन लावला. तिथल्या खोलीतला माणूस मिर्चो म्हणून होता, आवाज झोपाळू, तोंडात काहीतरी खात होता.

"मिर्चो, मी वेलीन, प्रोग्रामवाला. वारा किती आहे तिकडे?"

"शांत. पडद्यावर शून्य."

त्याच्या आवाजामागून शिट्टीसारखं काहीतरी ऐकू येत होतं, लांब, उतरत आणि चढत.

"तो आवाज कसला?"

"खिडकी खडखडतेय सकाळपासून. जुनी झाली."

"पडदा सोड. बाहेर बघ. झाडं बघ, मिर्चो."

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग चावणं थांबलं.

"आई गं," मिर्चो म्हणाला.

"माणसं आहेत डब्यांत?"

"रविवार आहे ना, बाबा! सगळे भरलेत. मी... मी लाल बटण दाबतो."

"दाबू नकोस!" वेलीन इतक्या जोरात ओरडला की स्तोइंकाने भिंतीचा आधार घेतला. "एकदम थांबवलंस तर डबे वाऱ्यात झुलतील, खांबावर आपटतील. ऐक. वर आणि खाली माणसं चढवणं बंद कर. प्रोग्राम बंद कर, कळ हातात घे. सगळ्यात हळू वेग. एकेक डबा आला की रिकामा करायचा. बटणाला हात लावायचा नाही."

"पण पुस्तकात लिहिलंय की वाऱ्यात लाल बटण—"

"ते पुस्तकही एआयनंच लिहिलंय. त्याच्यावरही सही माझीच आहे."

वारा फोनमध्ये घोंघावत होता. मिर्चोच्या आवाजातली झोप आता पार उडाली होती. तो रडायच्या बेतात होता. "तुला नक्की माहीत आहे का, इंजिनियर? पुस्तक एक सांगतंय, तू एक सांगतोयस. वर माझ्या ओळखीची माणसं आहेत."

वेलीनने डोळे मिटले आणि सगळं पुन्हा एकदा मनात चालवून पाहिलं, वाट्यांपासून ब्रेकपर्यंत, ब्रेकपासून दोरापर्यंत, पहिल्या ओळीपासून. कुठे अडलं नाही. भीती मात्र तसूभरही कमी झाली नाही.

"नक्की," तो म्हणाला. "मी ते वाचलंय."

पलीकडे कळ ओढल्याचा कर्कश आवाज झाला आणि यंत्राचा घूं घूं सूर हळूहळू खाली आला. वेलीन आकडे मोजत राहिला. मग मिर्चो म्हणाला, "एक आला. उतरताहेत."

"किती राहिलेत?"

"पुष्कळ." आणि जरा वेळाने, "फोन ठेवू नकोस हं."

"नाही ठेवत," वेलीन म्हणाला. त्याने फोन दोन्ही हातांनी धरला होता.